नर्सिंगची परीक्षा देताय? आधी रुग्ण बघा, मग पर्याय : तपासणीच्या पायऱ्या, आकडे आणि रुग्णसेवेचे नियम एकाच ठिकाणी

बारावी झाली की तालुक्यातल्या बऱ्याच मुली, आणि आता मुलंही, नर्सिंगचा रस्ता धरतात. कोणी दोन वर्षांचं एएनएम करतं, कोणी तीन वर्षांचं जीएनएम, तर कोणी चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. घरच्यांनी फीसाठी सोसायटीचं नाहीतर सोनं गहाण ठेवून कर्ज काढलेलं असतं. कोर्स संपतो, नोंदणी होते आणि मग सगळं येऊन थांबतं ते परीक्षेवर. कोणाला सरकारी भरतीची, कोणाला एम्सची, तर कोणाला परदेशातल्या लायसन्सची परीक्षा द्यायची असते.

इथं एक गोष्ट पुष्कळ विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडते. पुस्तक तोंडपाठ असतं, हाडांची नावं पाठ असतात, औषधांचे गट पाठ असतात, तरी गुण कमी पडतात. कारण प्रश्न ‘हे काय आहे’ असा नसतो. ‘नर्सने सर्वात आधी काय करावे’ असा असतो. चारही पर्याय बरोबर दिसतात. चुकतो तो क्रम.

वॉर्डातही तेच. क्रम चुकला की रुग्ण हाताचा जातो. म्हणून परीक्षेचा आणि प्रत्यक्ष कामाचा अभ्यास वेगळा नाही. शेतकरी फवारणीआधी पान उलटं करून बघतो, कीड कोणती आणि किती ते बघूनच औषध ठरवतो. नर्सिंगमध्ये या बघण्याला असेसमेंट म्हणतात. या लेखात त्याच्या पायऱ्या, लक्षात ठेवायचे आकडे आणि हमखास विचारले जाणारे मुद्दे दिले आहेत.

कोणती परीक्षा कशासाठी?

महाराष्ट्रात मान्यताप्राप्त कोर्स पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसेल तर नर्स म्हणून काम करता येत नाही. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल उभी राहिली. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा मंजूर केला आहे.

नोंदणीनंतरच्या परीक्षा अशा :

- राज्यातील आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या भरती परीक्षा. अभ्यासक्रम आणि गुणांची पद्धत प्रत्येक जाहिरातीत वेगळी असू शकते, त्यामुळे जाहिरात पूर्ण वाचावी.
- एम्सची नॉरसेट. देशभरातील एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर भरण्यासाठी ही परीक्षा होते. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, त्यामुळे अंदाजे खुणा करणं महागात पडतं.
- अमेरिकेसाठी एनक्लेक्स-आरएन. ही संगणकावरची परीक्षा आहे. एप्रिल २०२३ पासून तिचं नवं रूप लागू झालं. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न अवघड की सोपा द्यायचा ते ठरवतो. एकदा दिलेल्या उत्तराकडे परत जाता येत नाही. कॅनडातही नर्सच्या नोंदणीसाठी ही परीक्षा चालते.
- आखाती देशांसाठी त्या त्या देशाच्या आरोग्य खात्याची परीक्षा. आपल्याकडे ती ‘प्रोमेट्रिक’ या नावानं ओळखली जाते.

परीक्षा कोणतीही असो, नर्सिंगच्या प्रश्नांचा गाभा एकच असतो : रुग्णाची पाहणी, त्यातून निष्कर्ष आणि मग योग्य कृती.

पाच पायऱ्या पक्क्या करा

नर्सिंग प्रोसेसच्या पाच पायऱ्या पहिल्या वर्षापासून शिकवल्या जातात.

१. असेसमेंट : माहिती गोळा करणे.
२. नर्सिंग डायग्नोसिस : रुग्णाची अडचण नेमकी काय ते ठरवणे. इथं आजाराचं नाव सांगायचं नसतं. ‘न्यूमोनिया’ हे डॉक्टरांचं निदान झालं. ‘बेडका साचल्यामुळे श्वासमार्ग मोकळा नाही’ हे नर्सचं निदान.
३. प्लॅनिंग : ध्येय ठरवणे. ध्येय मोजता आलं पाहिजे. ‘रुग्णाला बरे वाटेल’ हे ध्येय नव्हे. ‘एका तासात वेदना १० पैकी ७ वरून ३ वर येईल’ हे ध्येय.
४. इम्प्लिमेंटेशन : प्रत्यक्ष कृती.
५. इव्हॅल्युएशन : फरक पडला का, ते पुन्हा बघणे.

एनक्लेक्सच्या नव्या रूपात याच गोष्टी सहा टप्प्यांत विचारतात. खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, सर्वात धोक्याची शक्यता आधी धरा, उपाय शोधा, कृती करा आणि परिणाम तपासा. ज्याच्या पाच पायऱ्या पक्क्या आहेत त्याला हे सहा टप्पे नवीन वाटणार नाहीत.

पाचवी पायरी बरेच जण विसरतात. वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि नर्स निघून गेली, हे अर्धं काम झालं. अर्ध्या तासाने येऊन ‘आता किती दुखतंय?’ विचारणं आणि ते लिहिणं हे उरलेलं अर्धं.

सांगितलेलं वेगळं, दिसलेलं वेगळं

असेसमेंटमध्ये दोन प्रकारची माहिती असते. रुग्ण स्वतः सांगतो ती सब्जेक्टिव्ह : ‘मळमळतंय’, ‘छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय’, ‘डोळ्यासमोर अंधारी येतेय’. नर्सला दिसते, मोजता येते ती ऑब्जेक्टिव्ह : नाडी ११८, अंगावर पुरळ, उलटी २०० मिली.

परीक्षेत ‘खालीलपैकी ऑब्जेक्टिव्ह माहिती कोणती?’ हा प्रश्न हमखास येतो. साधी कसोटी : रुग्ण बोलला नसता तरी हे कळलं असतं का? कळलं असतं तर ऑब्जेक्टिव्ह.

वेदना मात्र सब्जेक्टिव्हच. रुग्ण सांगतो तेवढी वेदना आहे असं धरायचं. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘काही नाही, जरा ठणकतंय’ एवढंच म्हणतात. तेव्हा आकडा विचारावा. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. लहान मुलांसाठी चेहऱ्यांची चित्रपट्टी वापरतात.

टीपीआर आणि बीपी : हे आकडे झोपेतही आले पाहिजेत

प्रौढ माणसाचे सर्वसाधारण आकडे :

- तापमान : सुमारे ९८.६ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस.
- नाडी : मिनिटाला ६० ते १००.
- श्वास : मिनिटाला १२ ते २०.
- बीपी : १२०/८० च्या खाली सामान्य. १४०/९० किंवा जास्त म्हणजे उच्च रक्तदाब.
- ऑक्सिजन : ९५ ते १०० टक्के. जुन्या सीओपीडीच्या रुग्णात ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य ठेवतात.
- लघवी : ताशी किमान ३० मिली.

बाळांचे आकडे वेगळे असतात :

- पोटातल्या बाळाचे ठोके : मिनिटाला ११० ते १६०.
- नवजात बाळाचा श्वास : मिनिटाला ३० ते ६०.
- जलद श्वासाची मर्यादा : दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त. खोकला असलेल्या बाळात न्यूमोनिया ओळखण्यासाठी हेच आकडे वापरतात. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा आणि बाळ शांत असताना मोजायचा.

मोजण्याची पद्धतही विचारतात. नाडी अनियमित लागली तर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट मोजावी. जागा कोणती? डावीकडे, पाचव्या बरगडीखालच्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. डिगॉक्सिन देण्याआधी हीच नाडी मोजतात. प्रौढात ती ६० च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं.

बीपीचा पट्टा लहान पडला तर बीपी खोटा जास्त दिसतो, मोठा पडला तर खोटा कमी. रुग्णाला पाच मिनिटं बसवावं, हात छातीच्या उंचीवर असावा, आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री नको. चढण चढून, एसटीतून उतरून आलेल्या माणसाचा लगेच घेतलेला बीपी खरा धरू नये.

हात लावायचा क्रम

शरीर तपासायचा नेहमीचा क्रम असा : बघणे, चाचपणे, ठोकून बघणे, ऐकणे. पोट मात्र याला अपवाद. पोटाला आधी बघायचं, मग ऐकायचं, मग ठोकायचं आणि सर्वात शेवटी चाचपायचं. कारण आधी दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलतात. ऐकायला सुरुवात उजव्या खालच्या भागातून. आवाज नाहीत असं लिहिण्याआधी पूर्ण पाच मिनिटं ऐकावं लागतं. जिथं दुखतंय तो भाग शेवटी.

शुद्ध मोजायला ग्लासगो कोमा स्केल आहे. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ती आणली. डोळे उघडणे ४, बोलणे ५, हालचाल ६, एकूण १५. सर्वात कमी ३, शून्य कधीच नाही. आठ किंवा कमी झाला तर रुग्ण स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकत नाही असं धरून तयारी ठेवतात.

नवजात बाळासाठी अपगार स्कोअर. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन डॉक्टरांनी १९५२ मध्ये तो मांडला. ठोके, श्वास, हातापायातला जोर, प्रतिक्रिया आणि रंग या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला मोजतात. सात ते दहा म्हणजे बाळ चांगलं. एक मात्र विसरू नये : बाळ रडत नसेल, श्वास घेत नसेल तर गुण मोजत बसायचं नाही, लगेच श्वास द्यायला सुरुवात करायची.

‘सर्वात आधी काय कराल?’ : तीन गाळण्या

हा प्रश्न आला की पर्याय तीन गाळण्यांतून गाळावेत.

पहिली गाळणी : जीव आत्ता जातोय का? श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, याच क्रमाने. श्वासमार्ग बंद असेल तर बाकी सगळं थांबवायचं. डोळ्यांसमोर रक्ताची धार लागलेली असेल तर ती आधी दाबून धरायची.

दुसरी गाळणी : पाहणी झाली आहे का? इथंच सर्वात जास्त गुण जातात. ‘असेसमेंट आधी’ एवढंच पाठ केलेले विद्यार्थी प्रत्येक प्रश्नात तपासणीचा पर्याय निवडतात. पण प्रश्नातच पाहणी सांगितलेली असेल तर पुन्हा पाहणी करणं म्हणजे वेळ घालवणं.

दोन उदाहरणं बघा. ‘रुग्ण म्हणतो मला अस्वस्थ वाटतंय’ एवढंच दिलंय. इथं माहिती अपुरी आहे, म्हणून आधी तपासणी. दुसरं, ‘रक्त सुरू केल्यावर दहा मिनिटांनी रुग्णाला थंडी वाजली, कंबर दुखतेय, नाडी १२४ आहे.’ इथं पाहणी झालेली आहे, रक्ताची रिअ‍ॅक्शन आहे. सर्वात आधी रक्त बंद करायचं. मग नवीन सेट लावून नॉर्मल सलाईनने शीर चालू ठेवायची, डॉक्टरांना बोलवायचं, पिशवी ब्लड बँकेला परत पाठवायची. म्हणूनच रक्त सुरू केल्यावर पहिली १५ मिनिटं नर्सने रुग्णाजवळून हलायचं नसतं.

तिसरी गाळणी : रुग्णाकडे बघा, यंत्राकडे नंतर. मॉनिटरवर सरळ रेष आली पण रुग्ण बोलतोय, तर वायर सुटली आहे. मॉनिटर चांगलं दाखवतोय पण रुग्ण निळा पडतोय, तर रुग्ण खरा.

चार रुग्ण, एक सिस्टर

सरावासाठी एक प्रश्न. ड्युटी सुरू झाली आहे, चार रुग्ण आहेत. आधी कोणाकडे जाल?

अ) शुगर १९० असलेला मधुमेही, जेवणाची वाट बघतोय.
ब) हर्नियाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, वेदना १० पैकी ६.
क) दम्याचा रुग्ण. तासाभरापूर्वी छातीत घरघर खूप होती. आता आवाज येत नाही, तो पेंगतोय.
ड) पायाला प्लॅस्टर, डिस्चार्जचा कागद मागतोय.

घाईत वाचणारा म्हणतो, क ला बरं वाटतंय, घरघर थांबली. उत्तर मात्र क हेच आहे. दम्यात घरघर थांबून छाती शांत झाली आणि रुग्ण पेंगला, म्हणजे हवा आत जायचीच बंद झालीय. ओरडणारा रुग्ण बहुतेकदा श्वास घेऊ शकत असतो. गप्प झालेल्याकडे आधी बघावं.

आता पर्याय ड थोडा बदला. प्लॅस्टरवाला म्हणाला, ‘बोटं बधिर झाली, गोळी घेतली तरी दुखणं वाढतंच आहे’ आणि बोटं गार लागतायत. मग तोही तातडीचा रुग्ण. प्लॅस्टरच्या आत दाब वाढून पाय गमवायची वेळ येऊ शकते. एका वाक्याने उत्तर बदलतं, म्हणून प्रश्न शेवटपर्यंत वाचावा.

गावाकडच्या केसेस : इथं वेळ कमी असतो

सर्पदंश. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर काम करतं. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मान धरवत नाही, श्वास मंदावतो. मण्यार रात्री झोपेत चावते, बऱ्याचदा खूणही दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतंय म्हणून आलेल्या आणि जमिनीवर झोपणाऱ्या रुग्णाच्या पापण्या नक्की बघाव्यात. घोणस आणि फुरसे रक्त पातळ करतात. त्यासाठी २० मिनिटांची चाचणी आहे. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग आडवं करायचं. रक्त गोठलं नसेल तर विष चढलंय. दोरी आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं हे सगळे पर्याय चूक. प्रतिविष देताना अ‍ॅड्रेनालिन भरून जवळ ठेवावं, कारण प्रतिविषाचीच अ‍ॅलर्जी येऊ शकते.

रुग्णाजवळ थांबून केलेली पाहणी किती मोलाची असते याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशाच्या रुग्णांचं बारकाईने निरीक्षण करून प्राझोसिन हे औषध वापरात आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

फवारणीची विषबाधा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची लक्षणं अशी : बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी-जुलाब, छातीत पाणी भरल्यासारखा आवाज, नाडी मंद. नर्सने आधी स्वतः ग्लोव्हज घालायचे. श्वासमार्ग साफ करायचा, ऑक्सिजन लावायचा. औषधाने भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवायचं. औषध अ‍ॅट्रोपिन. ते पुरेसं झालं हे कशावरून कळतं? बाहुल्यांवरून ठरवत नाहीत. छातीतला ओलसर आवाज गेला का, हे बघतात.

बाळंतीण. प्रसूतीनंतर ५०० मिली किंवा जास्त रक्त गेलं तर पीपीएच. प्रश्न असा येतो : ‘रक्तस्राव वाढलाय, गर्भाशय मऊ लागतंय. आधी काय?’ पाहणी झाली आहे, म्हणून कृती : गर्भाशयाला मसाज, आणि सोबत मदतीला हाक. गर्भाशय एका बाजूला सरकलेलं लागलं तर मूत्राशय भरलंय, ते रिकामं करायचं. पॅड बघताना अंगाखालची चादरही बघायची, रक्त मागे साचतं.

गरोदरपणात २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा जास्त आणि लघवीत प्रथिन, तर प्रीएक्लॅम्प्सिया. डोकं दुखणं, डोळ्यांसमोर काजवे, पोटाच्या वरच्या भागात कळ ही झटके येण्याआधीची लक्षणं. मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या : गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे का, श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी तर नाही ना, लघवी ताशी किमान ३० मिली होतेय का. एकही कमी असेल तर डोस थांबवायचा. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट.

जुलाब झालेलं बाळ. बाळ सुस्त किंवा बेशुद्ध, डोळे खोल, पाणी पिता येत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की जागेवर यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. यातली दोन लक्षणं असली तर पाणी गंभीर प्रमाणात कमी झालंय, शिरेतून सलाईन लागेल.

औषध आणि हिशोब

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, आणि दिल्यावर नोंद. नाव विचारताना ‘तुम्ही शांताबाई का?’ असं विचारू नये. गोंधळलेला रुग्ण कशालाही हो म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हणावं आणि केस पेपरशी ताडून बघावं.

सलाईनचा हिशोब : एकूण मिली गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. १००० मिली, ८ तासांत, सेट २० थेंबांचा. १००० गुणिले २० म्हणजे २००००, भागिले ४८० मिनिटं. उत्तर ४१.६, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. ६० थेंबांच्या मायक्रो सेटला ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब.

सिरपचा हिशोब : १० किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलीत १२५’ असेल तर ६ मिली. ‘५ मिलीत २५०’ असेल तर ३ मिली. बाटली न वाचता ६ मिली पाजलं तर डोस दुप्पट झाला. ही चूक घरीही होते, म्हणून आयांनीही बाटलीवरचा आकडा वाचावा.

आणखी काही पक्के नियम :

- पोटॅशियम क्लोराईड कधीही शिरेत थेट ढकलायचं नाही. हृदय बंद पडू शकतं. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाशच द्यायचं.
- दोन इन्सुलिन एका सिरिंजमध्ये घेताना आधी पारदर्शक रेग्युलर, मग दुधट एनपीएच.
- शुगर ७० च्या खाली आणि रुग्ण शुद्धीत असेल तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

‘काही होत नाही’ हे उत्तर चूक

आपल्याकडे आजारी माणसाला धीर द्यायची रीत आहे : ‘घाबरू नका, काही होत नाही, सगळं ठीक होईल.’ घरी हे चालतं. परीक्षेत हा पर्याय जवळजवळ नेहमी चूक असतो. कारण त्यानं रुग्णाचं बोलणंच बंद होतं. ऑपरेशनआधी रुग्ण म्हणाला, ‘सिस्टर, मला भीती वाटतेय,’ तर बरोबर उत्तर : ‘कशाची भीती वाटतेय, सांगता का?’ ‘का’ने सुरू होणारे जाब विचारल्यासारखे प्रश्न, स्वतःचं मत लादणं आणि विषय बदलणं हे पर्याय गाळावेत.

रुग्ण म्हणाला, ‘आता जगण्यात राम नाही,’ तर सरळ विचारायचं : ‘जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलंय का?’ विचारल्यानं डोक्यात तसं भरतं, हा गैरसमज आहे. विचारल्यानं माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटं सोडायचं नाही. गावात असा कोणी आढळला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो.

काम वाटणं आणि निरोप देणं

मामा-मावशींना कोणतं काम सांगता येतं? स्थिर रुग्णाला आंघोळ, जेवण भरवणं, कूस बदलणं, संडासला नेणं ही कामं सांगता येतात. पहिली तपासणी, रुग्णाला शिकवणं, औषध देणं आणि परिणाम ठरवणं नर्सनेच करायचं. या प्रश्नात तपासणी दुसऱ्यावर सोपवणारा पर्याय चूक.

डॉक्टरांना फोन करताना चार वाक्यं क्रमाने बोलायची. सध्या काय झालंय, रुग्णाची मागची माहिती काय, मला काय आढळलं, मला काय हवंय. ‘सर, पेशंटला बरं नाहीये’ हा निरोप नव्हे. ‘सर, बेड सहाच्या बाळंतीणबाई, प्रसूतीला दोन तास झाले. अंदाजे ६०० मिली रक्त गेलं, बीपी ९० वर ६०, नाडी १२६, गर्भाशय मऊ आहे, मसाज चालू आहे. तुम्ही लगेच यावं’ हा निरोप. रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या डॉक्टरलाही यातून सगळं कळतं.

अभ्यास कसा करावा?

एकाच वेळी दहा पुस्तकं नकोत. रोज २० ते ३० प्रश्न सोडवावेत. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहावं : माहिती नव्हती, की क्रम चुकला, की प्रश्न अर्धवट वाचला? पंधरा दिवसांत आपली खोड कळते. वरचे आकडे वहीच्या एका पानावर लिहून ते पान भिंतीला लावावं. प्रॅक्टिकलच्या पोस्टिंगला टीपीआर चार्ट खुर्चीत बसून भरू नये, प्रत्येक नाडीला खरोखर हात लावावा. मोबाईलवर प्रश्नसंच फुकट मिळतात, पण उत्तराचं स्पष्टीकरण नसेल तर त्यांचा उपयोग थोडा.

परदेशच्या नोकरीसाठी एजंटला पैसे देण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी बघावी. ‘परीक्षा न देता लायसन्स काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे फिरकू नये.

घरच्यांसाठीही एक सांगणं. पोरगी रात्री पुस्तक घेऊन बसली असताना तिला आजीचा बीपी घ्यायला सांगा, धाकट्याचा श्वास मोजायला सांगा. ‘झाला का अभ्यास?’ असं विचारण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. हात रोज माणसाला लागला की आकडे पाठ करावे लागत नाहीत. परीक्षेच्या खोलीत स्क्रीनवर फक्त अक्षरं असतात. त्या अक्षरांमागे ज्याला माणूस दिसतो, त्याला पहिलं उत्तर कोणतं ते कळतं.